देवगोईच्या वर: उपवासकाळातला सातपुडा

शुक्रवार

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या वसईच्या चर्चमध्ये दाराशी एक लाकडी पेटी ठेवतात. मटण-मासळी सोडून जे पैसे वाचतात ते लोक तिच्यात टाकतात. ईस्टरनंतर पेटी उघडली जाते आणि रक्कम एखाद्या गरीब भागातल्या कामाला जाते. गेली काही वर्षं ती नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या एका मिशनकडे जाते आहे. पावती येते, सोबत सिस्टरांचं चार ओळींचं पत्र येतं. पण तिथे काम नेमकं काय चालतं, हे आमच्यापैकी कुणाला नीट सांगता येत नव्हतं. यंदा ठरवलं, जाऊन पाहायचं. धाकटा भाऊ सोबत आला.

बोरिवलीहून रात्रीची गाडी. सुरत गेल्यावर रूळ पूर्वेला वळतात आणि बारडोलीपासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. फटफटलं तेव्हा तोडणीच्या फडाशेजारी काळ्या प्लास्टिकची पालं दिसायला लागली, बाहेर चुली पेटलेल्या. डब्यात समोर बसलेले गृहस्थ नंदुरबारचे होते. म्हणाले, ‘‘ही सगळी आपलीच माणसं. मुकादमाची उचल घेतात, दिवाळीनंतर कोयता घेऊन उतरतात, होळीला घरी जातात आणि होळी झाली की परत येतात.’’ नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावरच्या बाकावर दोन राज्यांची नावं शेजारी शेजारी रंगवलेली आहेत आणि लोक तिथे फोटो काढतात. पुढे चिंचपाडा लागतं. तिथलं ख्रिश्चन हॉस्पिटल प्रोटेस्टंट परंपरेतलं आहे. खानदेशात शुभवर्तमान आधी आणलं ते त्या मंडळींनी. कॅथलिक लोक इथे थोडे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावांत जुनी वस्ती आहे, डोंगरात तुरळक. सगळा खानदेश नाशिक धर्मप्रांतात येतो आणि तो धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला.

नंदुरबारला उतरलो तर हवेतच मिरची. गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या, लांबून जमीन लाल दिसते. खोकत खोकत एसटी पकडली. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली की समोर सातपुडा उभा राहतो. या दिवसांत तो करडा असतो, पळस तेवढा पेटलेला.

मिशन पायथ्याशी आहे. छोटं चर्च, मुलींचं वसतिगृह, दवाखान्याच्या दोन खोल्या. पोचलो ती क्रूसाच्या वाटेची वेळ होती, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासातल्या एकेका स्थानापाशी थांबून करायची प्रार्थना. इथे ती चर्चमध्ये करत नाहीत, मागच्या टेकाडावर करतात. चौदा ठिकाणी सागाच्या फांद्यांचे साधे क्रूस रोवलेले. प्रत्येक स्थानाची प्रार्थना वसतिगृहातल्या मुलींनी स्वतः लिहिलेली. दहावं स्थान, येशूची वस्त्रं काढून घेतात ते. नववीतली एक मुलगी वहीतून वाचू लागली: ‘‘प्रभू, आमच्या डोंगराचीही वस्त्रं काढून घेतली. आजोबा सांगतात, इथे दिवसा वाघ असायचा. आता सावलीसुद्धा नाही. ज्यांनी झाडं नेली त्यांना क्षमा कर आणि आम्हांला ती परत लावायची ताकद दे.’’ मग आम्ही गुडघे टेकले. टेकाडावर खरंच सावली नव्हती.

शनिवार

सकाळी जीपने वर निघालो. सिस्टर, आम्ही दोघं आणि वाटेत चढलेली सात-आठ माणसं. ‘‘जागा से, जागा से’’ म्हणत ड्रायव्हर प्रत्येकाला आत कोंबत होता. तो खालच्या सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा. वर गेलं की भिली आणि पावरी सुरू होते. देवगोईचा घाट चढताना एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट दरी. पावसाळ्यात दरड आली की वरच्या गावांचा संबंध तुटतो. आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून उतरवतात आणि बाळंतीणही तशीच येते. एका वळणावर सिस्टरांनी बोट दाखवलं, झोळी घेऊन येणारे तिथे दम खातात म्हणाल्या.

नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा काढला. २०११च्या जनगणनेत इथे १००तले ६९ लोक आदिवासी होते. कुपोषण, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, स्थलांतर, हे शब्द आपण बातम्यांत ऐकतो. मोलगीच्या अलीकडे उतरून पाड्यापर्यंत चालत गेल्यावर त्या शब्दांमागची जमीन दिसते. उतार असे की बैल तिरका उभा राहतो. माती पातळ, वर दगड. खरिपात मोर नावाचं भरडधान्य, भगर, ज्वारी, उडीद. पाणी आहे तोवर पीक, नंतर कोयता. मोलगीची भगर मुंबईत उपासाला आपण आवडीने खातो, ती या उतारावरून येते.

पाड्यात घरं एकमेकांना चिकटलेली नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात. आम्ही गेलो त्या घरी अंगणभर मोह वाळत घातला होता. पहाटे चारला उठून बायका-मुलं झाडाखाली जातात आणि उन्हं चढायच्या आत फुलं वेचून आणतात. ताजं फूल बोटांत दाबलं की पाणी सुटतं, चव गोड आणि वास डोक्यात भिनणारा. वाळलं की मनुक्यासारखं दिसतं.

घरच्या बाबांनी पत्र्याची पेटी बाहेर आणली. पेटीत खताच्या दुकानाची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी आणि तिच्यात कागद. घडीवर फाटलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. सिस्टरांनी एकेक उलगडून मोह नसलेल्या कोपऱ्यात फडक्यावर मांडला. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या त्या, ऐंशीच्या दशकातल्या. गार्डाची सही निळ्या शाईतली, पसरलेली. गुन्हा: अतिक्रमण. दंड भरल्याची नोंद आणि बाबांच्या वडिलांचा अंगठा. बाबांना वाचता येत नाही, पण कुठला कागद कुठल्या वर्षीचा ते त्यांना ठाऊक होतं. एक पावती त्यांनी वेगळी काढली. ‘‘या वर्षी बैल विकला होता,’’ म्हणाले.

हे कागद कशाला जपले, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने जंगलं राखीव करायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे कसणारा माणूस कागदोपत्री अतिक्रमणदार झाला. २००६च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच कबूल केलं की हा ऐतिहासिक अन्याय होता. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो आहे त्याला ती, चार हेक्टरांपर्यंत, मिळायला हवी. हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. ती जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तपासते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. वहिवाटीचा पुरावा म्हणून दंडाची पावती चालते. ज्या कागदाने बाबांच्या वडिलांना गुन्हेगार ठरवलं तोच आज घराचा सगळ्यांत मोठा आधार आहे.

तरीही दावा फेटाळला गेला होता. कारण एका ओळीत, ‘पुरावा अपुरा’. असे दावे इथे घरोघर आहेत. २०१९च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढा असा आदेश दिला आणि महिना संपायच्या आत स्थगितीही दिली. त्या दोन आठवड्यांत पाड्यांवर कुणी झोपलं नव्हतं, असं सिस्टर म्हणाल्या. त्या स्वतः वकील आहेत. झगा घालून कोर्टात उभ्या राहतात. त्यांच्या कामाचा बराचसा भाग म्हणजे अपिलं लिहिणं. निकाल कळल्यापासून ६० दिवसांत वर दाद मागता येते, पण निकाल कळवतच नाहीत. मग तो लेखी मागायचा, तिथून दिवस मोजायचे.

नियमांत एक गोष्ट फार चांगली लिहिली आहे आणि ती ऑफिसांतले लोक विसरतात. कागदच हवा असं नाही. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब चालतो. जमिनीवर जे दिसतं तेही चालतं: घर, विहीर, बांध, देवाची जागा, पुरण्याची जागा. म्हणून त्या दिवशी शेजारच्या पाड्यातल्या एका आजीला बोलावलं होतं. आजी, सिस्टर, समितीचे चार जण आणि आम्ही शेताच्या कडेकडेने निघालो. आजी काठीने दाखवायची, सिस्टर भिलीत विचारायच्या आणि मराठीत लिहायच्या. हा मोह बाबांच्या आज्याचा. हा दुसरा त्याच्या भावाचा, वाटणीत आला. मोहाची झाडंही इथे वाटून घेतलेली असतात, फुलं कुणी वेचायची ते ठरलेलं. हा बांध ती लग्न होऊन आली त्या वर्षी घातला. ही खत्री. पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड होते, त्यांवर शेंदूर. आजीने आधी हात जोडले, मग नावं सांगितली. पाच नावं. सिस्टरांनी पाचही लिहिली.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली जगाला पत्र लिहिलं, ‘लाउदातो सी’. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकदमच ऐकायला हवा, हे त्यातलं वाक्य आमच्या चर्चमध्ये फलकावर लावलेलं आहे. त्याच पत्रात आदिवासींबद्दल लिहिलं आहे की त्यांच्यासाठी जमीन ही विकायची वस्तू नाही, देवाची आणि तिथे विसावलेल्या पूर्वजांची देणगी आहे. ते मी कितीदा वाचलं असेन. खत्रीपाशी उभं राहून आजीची पाच नावं सरकारी अर्जावर उतरताना पाहिली आणि ते पत्र मला पहिल्यांदा कामाच्या रूपात दिसलं.

आणखी एक गोष्ट इथेच कळली. बाबांचा बांध पक्का, दगड नीट रचलेले, मागे हातभर माती साठलेली. पलीकडच्या उतारावर बांध नाही, माती वाहून खडक उघडा पडलेला. मी विचारलं, तिथे का नाही घातला? समितीतल्या एका तरुणाने सांगितलं, ‘‘ती जमीन राहील की जाईल माहीत नाही. मग दगड कोण वाहील? आंबा लावला तर फळाला वर्षं लागतात. तोवर आपण तिथे असू का?’’ शहरातले आपण झाडं लावा, माती वाचवा म्हणतो. ज्याच्या पायाखालची जमीन उद्या काढून घेतली जाऊ शकते त्याने झाड कुणाच्या भरवशावर लावायचं? हक्काचा कागद आणि डोंगरावरचं जंगल अशी दोन वेगळी कामं नाहीतच. पर्यावरणाच्या मोठमोठ्या सभांत मी हे इतकं साफ कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी बाबांच्या घरी ज्वारीची भाकर, उडदाची डाळ आणि ठेचा. मुक्कामाला खाली आलो.

रात्री मिशनच्या फादरांशी बोलत बसलो. मी आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबद्दल सांगत होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला वसईची जमीन बिल्डरांच्या घशात चालली होती, विहिरींचं पाणी टँकरने उपसून नेत होते. तेव्हा ते हरित वसईच्या लढ्यात उतरले. धमक्या आल्या, मागे हटले नाहीत. २०२०ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हाही त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. २०२४च्या जुलैत ते गेले. ऐकून मिशनचे फादर म्हणाले, आपल्याला वाटतं ही गोष्ट आपलीच, पण सगळीकडचे डोंगर एकच बोलतात. मग त्यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाबद्दल सांगितलं. कोळशाचा डोंगराळ, दरिद्री पट्टा. वर लोकांची घरं, खालचा कोळसा आणि बरीचशी जमीन कंपन्यांची. तिथल्या कॅथलिक बिशपांनी १९७५ साली एक पत्र काढलं. आधी खाणकामगारांचं, विधवांचं, शेतकऱ्यांचं ऐकून घेतलं आणि मग लिहिलं, तेही मुक्तछंदात. कंपन्यांच्या सत्तेबद्दल त्यात थेट बोलले. २० वर्षांनी, १९९५ला, दुसरं पत्र आलं, त्यात डोंगर, झरे, जंगल हेही गरिबांबरोबर आले. ‘‘आधी ऐकलं, मग लिहिलं, हा क्रम मला आवडतो,’’ फादर म्हणाले. ‘‘आम्ही इथे आलो तेव्हा आधी शाळा बांधली. लोकांना विचारलं असतं तर ते जमीन म्हणाले असते.’’

हेही लिहायला हवं की जमिनीची लढाई इथे कुणा फादरने आणलेली नाही. या भागात १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी भिलांना दारू सोडायला लावली आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि त्यांच्या साथीदारांनी १९७२ साली श्रमिक संघटना उभी केली आणि गुजर जमीनदारांच्या शेतांत राबणाऱ्या सालदारांनी मान वर केली. नर्मदेकाठी मेधा पाटकरांचं आंदोलन झालं. चर्च या वाटेवर उशिरा आलं. उशिरा आलं तरी आलं, याचा मला आनंद आहे.

रविवार

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, गाणी भिलीत, ढोल आणि पाव्यासह. उपवासकाळातला पाचवा रविवार, लाजराचं शुभवर्तमान. फादर पाच मिनिटंच बोलले. मेलेल्या लाजराला येशूने थडग्यातून बाहेर ये म्हणून हाक मारली खरी, पण त्याआधी लोकांना सांगितलं, थडग्यावरची धोंड काढा. ती त्याने स्वतः काढली नाही.

मिस्सेला ख्रिस्ती कुटुंबं थोडी होती. नंतरच्या बैठकीला मात्र पटांगण भरलं, कारण तिला आदिवासींच्या याहामोगी देवीला मानणारे, महाराजांचे वारकरी झालेले, सगळे येतात. खाली बाजारात धर्मांतराच्या विषयावर आवाज चढतात, सिस्टरांना रस्त्यात अडवून प्रश्न विचारले गेले आहेत. दवाखान्याच्या रजिस्टरात आणि दाव्याच्या फाइलीत धर्माचा रकाना नाही, एवढंच त्या सांगतात. मी रजिस्टर चाळलं, खरंच नाही.

बैठक आगीवर होती. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग पसरते, साग-सालईची रोपं जळतात, मातीचा जीव जातो. एका पाड्याच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचा हक्क, मिळाला आहे. त्यांनी ठराव केला की पाचोळा झाडायचा, पेटवायचा नाही. बायकांनी जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथरायला सुरुवात केली. फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ मोहाला भावही बरा मिळतो. एका बाईने उठून विचारलं, साड्या चोरीला गेल्या तर? त्यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी राखणीच्या पाळ्या लागल्या. हा अर्धा तास मला फार मोलाचा वाटला. जंगल आपलं आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगत नव्हतं. ते धरूनच भांडण चाललं होतं.

दुपारी नर्स सिस्टरांसोबत दवाखान्यात बसले. सिकलसेलची बारा-तेरा वर्षांची मुलगी आली होती, हातपाय दुखून कळवळत. ऊन, तहान, थकवा यांनी हा त्रास उसळतो. ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती.

सोमवार

तळोदा तालुक्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत. धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, मणिबेली त्यांत पहिलं. नर्मदेकाठची माणसं तापीच्या सपाटीवर आणून वसवली. त्यांच्यासाठी जे जंगल मोकळं केलं ते आधीच दुसरे आदिवासी कसत होते. म्हणजे एका गरिबाचं पुनर्वसन दुसऱ्या गरिबाच्या शेतावर. रोझव्याच्या वाटेवर भेटलेल्या एका आजोबांना मी नदीबद्दल विचारलं. ते म्हणाले, तिथे मासे होते, इथे लाइट बिल आहे. २०१७ला धरणाचे दरवाजे बंद झाले, उंची १३८.६८ मीटर. या आकड्याचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

मग बाबांचं अपील घेऊन ऑफिसात. ते कुठलं ते लिहीत नाही. साहेब मीटिंगला गेलेले. कारकून म्हणाले, उपग्रहाच्या नकाशात शेत दिसत नाही. सिस्टरांनी आवाज न चढवता नियम काढून दाखवला: उपग्रहाचं चित्र जोडीला चालतं, बाकीच्या पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. कारकुनांनी नियमाची प्रत मागून घेतली. तीन तासांनी पोचपावती मिळाली, शिक्का आणि तारखेसह. बाबा ऑफिसच्या पायरीवर बसून होते. पावती त्यांनी पिशवीत आणि ती दुसऱ्या पिशवीत ठेवली. पाड्यावरून इथे यायला जीप आणि एसटी, दोन माणसांचा एक दिवस बुडतो. साहेब नसले तर पुन्हा यायचं. दावे कायद्याने हरत नाहीत, असल्या फेऱ्यांनी हरतात.

मंगळवार

परतीच्या गाडीत भावाने आणि मी पेटीचा हिशोब मांडला. दरवर्षी आम्ही ब्लँकेटं, वह्या, तेल-साबण असं लिहून पाठवतो. फादरांना स्पष्ट विचारलं होतं, नेमकं काय हवं? त्यांनी कागदावर लिहून दिलं. तारखांना यायचं-जायचं भाडं, कारण माणूस हजर नसला की दावा पडतो. जागेवरच्या पाहणीसाठी एक चांगलं जीपीएस यंत्र. साड्या, जुन्या चालतील, जितक्या मिळतील तितक्या. पावसाआधी बांध घालणाऱ्यांना दहा दिवसांची मजुरी, म्हणजे ते त्या काळात गुजरातेत जाणार नाहीत. शेवटी एक ओळ: वसईतल्या कुणी वकिलाने वर्षातून आठवडाभर यावं.

बाबांच्या सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर हा कागद मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. जुन्या साड्या त्याच दिवसापासून चर्चच्या ऑफिसात जमा करायच्या आहेत, सुती असतील तर बरं. आमच्या भागात वकील बरेच आहेत, त्यांतल्या तिघांशी मी गाडीतूनच बोलले. एक जण मे महिन्यात यायला तयार झाला आहे.